तबेल्यातला तांबडा मुलूख

बापूरावांचा चेहरा मला दिसला त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा होता. खरं सांगायचं तर एक आवाज नव्हे, कितीतरी आवाज. एकाच गळ्यातून ते म्हातारा, पोरगी, बैल, दार, पाऊस, काहीही काढायचे. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र किरटा आणि जरा चिरका होता. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते शिपायांशी भांडत होते.

"मी सत्याग्रही न्हाई हो! कोन्हीतरी सांगा ह्यांना! माझा रेडिओ परत द्या, मी आपला घरी जातो!"

साल अठ्ठेचाळीसचं. निजामी अमलाचं ते शेवटचं साल, पण ते शेवटचं आहे हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? पकडलेली माणसं इतकी झाली होती की तुरुंग पुरेनात. हिंगोलीला इंग्रजांच्या वेळची छावणी होती. फौज कधीच निघून गेली होती, घोडेही गेले होते, तबेले तेवढे उभे होते. एकेका घोड्याच्या खणाला समोरून दार बसवून त्यांनी आमच्या कोठड्या केल्या. मधल्या भिंती माणसापेक्षा हात-दीड हात उंच, आणि त्यांच्यावर थेट पत्र्यापर्यंत सगळं मोकळं. त्यामुळे शेजारच्या खणातला माणूस दिसायचा नाही, पण या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जायचं. विहिरीवर न्यायचे तेही एकेकट्याला.

मी कनेरगाव नाक्याचा. नाक्याच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे दुसरं राज्य. तिकडून वर्तमानपत्रं आणताना सापडलो, एवढाच माझा पराक्रम. माझ्या डाव्या हाताच्या खणात हिंगोलीचे एक वकीलसाहेब होते. वयानं मोठे, शिस्तीचे, पहाटे उठून श्लोक म्हणणारे. बापूरावांचा आरडाओरडा ऐकून ते म्हणाले, "इथे प्रत्येकजण स्वतःच्या इच्छेने आला आहे. रडायचंच असेल तर हळू रडा."

"तुमी आले असतान इच्छेनं. मला तर भरल्या ताटावरून उठवून आणलंय. वरण वाढलेलं व्हतं!"

यावर पलीकडच्या खणातून हरचंद हसला. तो सेनगावकडच्या एका तांड्यावरचा तरणा गडी. तबेल्यात आल्यापासून त्याचं हसू आम्ही ऐकलं नव्हतं.

बापूराव कुरुंद्याचे. बऱ्यापैकी जमीन, हळदीचा मळा. तरुणपणी शिकायला म्हणून हैदराबादला गेले आणि शिकायचं सोडून रेडिओच्या नादी लागले. तिथल्या रेडिओ केंद्रावर नाटकं व्हायची त्यात त्यांना बोलायला कधी मिळालं नाही, पण मागं उभं राहून ते आवाज काढायचे. करवंट्या आपटून घोडा, पत्रा हलवून ढग, सुपात वाळू घोळवून नदी. वडील गेले तेव्हा एकुलता एक म्हणून गावी परतावं लागलं. "हळदीला आवाज न्हाई," अशी त्यांची तक्रार असायची. "वर्षभर मुकी. शिजवून वाळवली की मंग कुठं हळकुंडं वाजतात. मी तेवढ्यासाठी शेती करून राहिलो."

येताना बॅटरीवरचा एक रेडिओ त्यांनी आणला होता. तो ओसरीवर ठेवायचे आणि संध्याकाळी गाव जमायचं. गाव जमायचं ते सरहद्दीपलीकडच्या बातम्या ऐकायला, आणि त्या ऐकायला बंदी होती. बापूरावांना बातम्यांची गोडी नव्हती. "एकच माणूस बोलते. त्यात काय ऐकायचं?" ते नाटकाची वाट पाहत बसायचे. बातम्यांनी त्यांना तबेल्यात आणलं.

त्यांच्या खोडी मला भिंतीपलीकडून पाठ झाल्या. भाकरी मोडायची ती कानाजवळ धरून. "कालची हाय," म्हणायचे, किंवा "आजची हाय, पण पीठ जुनं." पहारेकऱ्याची पावलं वळायच्या आत नाव सांगायचे. सकाळी उठल्या उठल्या स्टेशनवरच्या गाडीची शिटी ऐकून वारा कुठला ते सांगायचे. आम्हाला त्या शिटीनं घर आठवायचं. ते मात्र म्हणायचे, "आज इंजिन दुसरं हाय."

नाटक सुरू झालं ते हरचंदपायी.

हरचंदच्या तांड्यावर कुणीतरी अनोळखी माणूस एका रात्रीपुरता टेकला होता. एवढ्यावरून हरचंदला धरलं होतं, आणि तो माणूस कोण हे त्याला अजून माहीत नव्हतं. उघड्यावर वाढलेला गडी. संध्याकाळी हजेरी होऊन दारं लागली, की तो खणात गोल गोल फिरायचा आणि फिरता फिरता भिंतीला खांदा मारायचा. धप्. धप्. उजेड असेपर्यंत चालायचं. एके दिवशी ते थांबेचना. धक्क्यानं भिंतीतली माती गळायला लागली. वकीलसाहेबांनी त्याला हाक मारली, दम भरला, मग मोठ्यानं श्लोक म्हटले. काही उपयोग नाही. आता हा डोकंच आपटणार असं वाटत असताना बापूराव एकदम खालच्या, भरदार आवाजात बोलले. तो आवाज आम्ही आधी ऐकला नव्हता.

"हरचंद, थांबू नको. तसंच मार. इंजिन बराबर चालून राहिलं."

धप्प आवाज बंद झाला. मग हरचंदनं विचारलं, "कशाचं इंजिन?"

"आपल्या गाडीचं. कुरुंद्याचा डोंगर मागं पडला ना आता. खाली बघू नको, भोवळ येईल."

आणि त्यांनी रिकाम्या लोट्यात तोंड घालून असा काही घूं घूं आवाज काढला, की माझ्या पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. हरचंदनं पुन्हा खांदा मारला. या वेळी जरा बेतानं.

त्या संध्याकाळी ती गाडी चांदणं ओलांडून एका मुलखात उतरली. तिथला सूर्य तांबडा होता आणि तो मावळायचाच नाही. माणसाएवढं गवत होतं आणि त्यात आडवं झालं की ते गुणगुणायचं. तिथल्या लोकांना तोंड नव्हतं. ते बोटांच्या पेरांनी दगडावर ठोकून बोलायचे. गाडीत प्रवासी तिघं. एक वैद्य, एक कोतवाल, आणि गिरजा नावाची नवी नवरी. ती माहेरी निघाली होती आणि चुकून या गाडीत बसली होती.

"त्या लोकांच्या घराला दारं हायेत का?" हरचंदनं विचारलं.

बापूरावांनी जरा विचार केला. "हायेत. पण लावायची कशी, ते त्यांना ठाऊक न्हाई."

मग रोज हजेरीनंतर, उजेड सरेपर्यंत, तांबडा मुलूख. गिरजा बापूरावच व्हायचे. ती बोलायला लागली की तबेला श्वास धरून ऐकायचा. हरचंदकडं तिथली जनावरं आली. बैलांना हाकारे घालणाऱ्या त्या गळ्यातून असली जनावरं निघाली की बापूराव स्वतःच दाद द्यायचे. मला वारा दिला. "तुमी नाक्यावरचे. मोकळ्या रस्त्यावरचा वारा तुमाला ठाऊक असंल." मी फुंकर मारायचो. "कमी," ते भिंतीपलीकडून म्हणायचे. "वारा हाय, चूल फुंकून राहिले का तुमी?"

वकीलसाहेबांना हा पोरखेळ वाटायचा. ते मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे. पण एकदा त्या मुलखाच्या दरबारात गिरजेवर खटला उभा राहिला. तिचा गुन्हा असा की ती तोंडानं बोलली. बापूरावांच्या काझीनं तिला सांगितलं, की तुझं तोंड शिवून टाकायचं, आणि तुझी बाजू ऐकायची गरज नाही. तेव्हा डावीकडच्या खणातून वकीलसाहेब ओरडले, "आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा? असा कायदा होऊच शकत नाही!"

बापूराव हळूच म्हणाले, "ऐका. महाराज बोलले."

आणि वकीलसाहेब त्या मुलखाचे महाराज झाले. पुढचे दोन-तीन दिवस त्यांनी गिरजेचा खटला असा चालवला की खऱ्या कोर्टात कुणी चालवला नसेल.

आमचा संध्याकाळचा पहारेकरी करीमभाई. हिंगोलीचाच, पोक्त माणूस. कैद्यांनी आपसात बोलायचं नाही असा हुकूम होता. पहिल्या दिवशी त्यानं दारांवर काठी आपटली. "बातां बंद!"

"ऐकलं का गिरजे?" बापूराव लगेच म्हणाले. "इथले लोक बोलायला लागले."

सगळे हसले. करीमभाई चिडून निघून गेला. पण काही दिवसांनी आमच्या ध्यानात आलं, की काठी आता मधेच कुठंही वाजत नाही, नेमकी तिथल्या लोकांनी बोलायच्या जागी वाजते. पुढं तर तो दाराला तोंड लावून विचारायला लागला, "बापूराव, वो पोट्टी का क्या हुआ? जमादार सुन लिया तो मेरी नौकरी जाती, जरा जल्दी बोलो."

अशात एक दिवस वरचा अंमलदार आला. बापूरावांना बाहेर काढून त्यानं तबेल्यासमोरच्या अंगणात उभं केलं. आम्हाला दिसत काही नव्हतं. बापूरावांच्या ओसरीवर कोण कोण बातम्या ऐकायला यायचं त्यांची नावं अंमलदाराला हवी होती. नावं दिली की लगेच सुटका. आणि बापूरावांना सुटका हवी होती. घरी आई थकलेली होती. मळा दुसऱ्याच्या हातात. शिवाय ते आमच्यातले नव्हतेच, हे ते रोज सांगत. वकीलसाहेब माझ्या भिंतीजवळ येऊन पुटपुटले, "देणार हा नावं."

"कौन कौन आता था?"

"साहेब, मी डोळे मिटून ऐकतो."

"क्या?"

"रेडिओ बघायचा नसते, साहेब. ऐकायचा असते. डोळे मिटल्यावर कोन आलं, कोन गेलं, मला कसं कळावं?"

"इतने दिन में एक आदमी नहीं देखा?"

"देखा न्हाई. खोकल्याचे आवाज सांगू का?"

मग फटक्याचा आवाज आला. आणखी एक. बापूरावांचा आवाज आला नाही.

बापूरावांना आमच्यात परत आणलं नाही. तबेल्याच्या मागं चाऱ्याची जुनी कोठी होती. जाड दगडी भिंती, वर दगडी छत, झरोकासुद्धा बुजवलेला. तिथं टाकलं. आतलं बाहेर ऐकू येत नसे आणि बाहेरचं आत. आमच्यापैकी कुणाला तिथं टाकलं असतं तर अंधाराचा त्रास झाला असता. त्यांना काय झालं असेल याचा विचार मला संध्याकाळी, दारं लागल्यावर, फार यायचा. हरचंद फिरत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी वकीलसाहेबांनी करीमभाईला बोलावलं, आपली घोंगडी दारातल्या फटीतून बाहेर सारली आणि म्हणाले, "त्यांना दे. माझी म्हणून सांगू नकोस."

बापूराव कोठीत असतानाच त्यांची आई गेली. निरोप आला होता, पण तो कोठीपर्यंत जाऊ दिला नाही. एकुलता एक मुलगा इथं, चितेला अग्नी तिच्या भाच्यानं दिला. बापूरावांना पुन्हा त्यांच्या खणात आणून दार लावल्यावर करीमभाई बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "बापूराव, बैठ जाव. तुमकू एक बात बोलनी है."

त्यानंतर त्यांचा आवाज असा आलाच नाही. भाकरी मोडल्याचाही नाही. दोन-चार दिवसांनी मात्र संध्याकाळी एक हाक ऐकू आली. "बाप्याऽ." अगदी हळू. मग पुन्हा, जरा उंच. "बाप्याऽऽ." मग खर्जात. मी भिंतीला कान लावला.

"काय झालं, बापूराव?"

"मायची हाक." त्यांचा घसा बसला होता. "ओसरीवरून मारली की मळ्यापस्तोर यायची. त्या कोठीत बसून मी रोज आठवून राहिलो. न्हाई आठवत. सगळ्या गावाचे आवाज हायेत माझ्यापाशी, आणि तिचाच न्हाई."

ते पुन्हा पुन्हा हाक काढून पाहायचे. कधी बारीक, कधी लांबवून. दर वेळी मधेच सोडून द्यायचे. "ही न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा. "ही बी न्हाई." संध्याकाळभर ते चालायचं आणि आम्ही सगळे ते ऐकत आपापल्या भिंतीला टेकून बसायचो. कानावर हात ठेवावा असं वाटायचं. तबेल्यातले सगळ्यात वाईट दिवस ते. उपासमारीचे दिवसही एवढे वाईट वाटले नाहीत.

शेवटी एके दिवशी हजेरी झाली, दारं लागली आणि भिंतीवर धप्प आवाज झाला. हरचंद.

"हरचंद, काय करून राहिला?" मी घाबरून विचारलं.

"इंजिन." धप्. "गिरजा तिकडंच राहिली ना, बापूराव. आपण तिला सोडून आलो. गवतात उभी असंल ती."

धप्. धप्. मी फुंकर मारली. वारा काही जमला नाही, तरी मारली. वकीलसाहेब म्हणाले, "त्या मुलीला हजर करा." बाहेरून करीमभाईनं काठी वाजवली, हळूच.

"हळू मार," बापूराव म्हणाले. "इंजिन जुनं झालंय."

त्या दिवशी गिरजा गवतात उभी होती. गवत गुणगुणत होतं. तिला वाटलं, कुरुंद्यावरून कुणीतरी आपल्याला बोलावून राहिलं. कोण? तिची आई. चांदण्यापलीकडून आईनं हाक मारली, "गिरजेऽऽ!" आणि ती हाक बापूरावांच्या गळ्यातून अशी निघाली, खालून उचललेली, मधे जराशी फाटलेली, शेवटाला रागे भरल्यासारखी, की हरचंद फिरायचा थांबला.

बापूरावही थांबले.

"हीच," ते म्हणाले. "हीच व्हती."

आणि मग ते रडले. मोठ्यानं, मोकळं. करीमभाई दारापासून दूर गेला. जमादार तिकडून येत असला तर त्याला बोलण्यात गुंतवायला गेला असावा.

पुढचे सगळे दिवस आम्ही एकच मागत होतो, की गिरजेला आता घरी आणा. वकीलसाहेबांनी महाराज म्हणून हुकूम काढला. हरचंद रोज विचारायचा. पण पावसाळा लागला होता, पत्र्यावर धो धो आवाज, आणि बापूराव म्हणायचे, "गाडीत पानी शिरलंय, महाराज. मी काय करू?" मला वाटतं, त्यांना खोटं आणायचं नव्हतं. आम्हीच बाहेर पडू की नाही हे माहीत नसताना तिला कसं आणणार?

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी बापूराव म्हणाले, "हे ढग न्हाईत."

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. नंतर आलं. लांब, जमिनीतून आल्यासारखं. तोफा. हिंदी फौज आली होती. दोन-तीन दिवस हजेऱ्या वेळी-अवेळी झाल्या, भाकरी कधी आली, कधी नाही. मग एका सकाळी हजेरीच झाली नाही. पावलं नाहीत, जमादाराच्या शिव्या नाहीत. दारं मात्र बंद. आम्ही आत तसेच बसून राहिलो. पहारेकरी निघून गेले असतील आणि आम्हाला विसरले असतील, हा विचार प्रत्येकाच्या मनात आला.

बऱ्याच वेळानं एकाची पावलं आली. "करीम," बापूराव म्हणाले. "अनवाणी हाय."

त्यानं एकेक दार उघडलं. अंगावर सरकारी कपडे नव्हते. हरचंद बाहेर पडला तो कुणाकडं न पाहता सेनगावच्या वाटेनं पळत सुटला. आम्ही उरलेले अंगणात उभे राहून एकमेकांना पाहत होतो. बापूराव इतके बुटके असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. गोल चेहरा, वाढलेली दाढी, आणि उजेडानं डोळे बारीक केलेले.

करीमभाई किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभा होता. कुणाला द्यायचा ते त्याला कळत नव्हतं. बायको-लेकरं त्यानं आधीच पूर्णेकडं नातेवाइकांत पाठवली होती. गावात त्याच्यासारख्यांची धरपकड चालली होती, आणि नुसत्या धरपकडीवर भागत नव्हतं. किल्ल्या टाकून तो केव्हाच पळाला असता. आमची दारं उघडायला राहिला होता.

"कुठं जाणार?" बापूरावांनी विचारलं.

"मालूम नै."

"मंग माझ्यासंगं चला. कुरुंद्याला."

"तुम्हारे गाव के लोगां मेरेकू जीता छोडते क्या?"

"माझ्या ओसरीवर कोन चढते, बघू."

वकीलसाहेबांना ताप होता, उभं राहवत नव्हतं. त्यांनी आपली पांढरी टोपी काढली आणि करीमभाईच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला लहान होत होती, टाळूवर नुसती टेकली होती.

करीमभाई दिवाळीनंतरपर्यंत बापूरावांच्या घरी होता, मग सुखरूप आपल्या माणसांत पोचला, असं मला पुढं कळलं. बापूरावांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. ते गेल्याचं मी वसमतच्या बाजारात, कुरुंद्याच्या एका माणसाकडून ऐकलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळीच. वकीलसाहेबांना त्यांच्या घरी पोचवायचं म्हणून मी मागं राहिलो. छावणीच्या कडेला त्यांना झाडाखाली बसवलं आणि कुरुंद्याकडं जाणाऱ्या वसमतच्या रस्त्याकडं पाहत उभा राहिलो. रस्ता तिथून लांबवर सरळ दिसतो. बापूराव पुढं, करीमभाई एक पाऊल मागं. बापूराव हात हलवत काहीतरी सांगत चालले होते. समोरून काठ्या घेतलेला पंधरा-वीस जणांचा घोळका आला. त्यांनी रस्ता अडवला. मी वकीलसाहेबांचा दंड घट्ट धरला.

बापूरावांनी करीमभाईच्या खांद्यावर हात टाकला आणि बोलायला लागले. इतके दिवस त्यांना मी नुसतं ऐकलं होतं, आता नुसतं पाहत होतो, आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. घोळक्यातला एक जण पुढं झाला. बापूराव बोलतच होते. बराच वेळ बोलत होते. मग काठ्या हळूहळू खाली आल्या, माणसं बाजूला झाली, आणि ते दोघं त्यांच्यामधून, पळ न काढता, साध्या चालीनं पुढं निघून गेले.